फाइलसिस्टिम दुरुस्तीच्या टूलमध्ये चाचणीसाठी छुपा पर्याय कसा घालावा

फाइलसिस्टिम दुरुस्त करणाऱ्या टूलची चाचणी घेण्याची रूढ पद्धत सोपी आहे. मुद्दाम बिघडवलेली इमेज, म्हणजे फाइलमध्ये साठवलेली डिस्कची प्रत, टूलपुढे ठेवायची, टूल चालवायचे आणि त्याने काय छापले व संपताना कोणता एक्झिट कोड, म्हणजे निकाल सांगणारा आकडा, दिला हे अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे. एक्स्ट४ या लिनक्सवरच्या फाइलसिस्टिमची दुरुस्ती करणाऱ्या ईटूएफएससीकेच्या चाचण्यांमध्ये तर बहुतेक इमेजवर टूल दोनदा चालवतात: पहिल्या फेरीत दोष निघायला हवेत आणि दुसऱ्या फेरीत एकही सापडता कामा नये. ही पद्धत चांगलीच आहे, पण तिच्यातून एक प्रश्न नेहमी निसटतो. दुरुस्ती निम्म्यावर आली असताना टूलच मेले, तर डिस्कवर जे उरते ते पुन्हा दुरुस्त होण्याजोगे असते का? वीज जाते, कोणीतरी कंटाळून कंट्रोल-सी दाबते, मेमरी संपली म्हणून कर्नल ती प्रोसेस मारून टाकतो. मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालणाऱ्या दुरुस्तीत असे कधी ना कधी घडतेच, आणि घडते तेव्हा वापरणाऱ्याकडे ती डिस्क सोडून दुसरे काही नसते.

बाहेरून प्रोसेस मारून ही स्थिती तपासता येत नाही, कारण प्रत्येक वेळी ती वेगळ्या ठिकाणी मरते आणि सापडलेला दोष पुन्हा दाखवता येत नाही. म्हणून टूललाच सांगावे लागते की डिस्कवर इतक्या वेळा लिहून झाल्यावर तू स्वतःला संपव. हा पर्याय सामान्य वापरासाठी नाही, त्यामुळे तो मदतीच्या मजकुरात दिसू नये. पण चाचणीसाठी तो पूर्ण विश्वासार्ह असावा. या दोन अपेक्षा एकत्र कशा बसवायच्या, ते इथे पाहू. टूल सी भाषेत लिहिलेले आहे आणि लिनक्सवर चालते असे गृहीत धरले आहे.

कुठे मरायचे हे ठरवणे

मरण्याची जागा दोन प्रकारे सांगता येते. एक म्हणजे टप्प्याने. एक्सएफएस या आणखी एका फाइलसिस्टिमसाठी असलेल्या एक्सएफएस-रिपेअरचे काम ७ टप्प्यांत चालते आणि ईटूएफएससीकेचे ५ फेऱ्यांत. ‘तिसरा टप्पा संपला की मर’ ही सूचना वाचायलाही सोपी आणि पुढच्या आवृत्तीतही तोच अर्थ टिकवणारी असते. दुसरा प्रकार म्हणजे लेखनांच्या मोजणीने, म्हणजे ‘सतरावे लेखन झाले की मर’. हा प्रकार ठिसूळ आहे, कारण कोडमध्ये एक ओळ हलली तरी सतरावे लेखन वेगळेच ठरते. तरीही माझा कल त्याच्याकडे आहे. टप्पा संपतो तिथे बहुतेक वेळा सगळे डिस्कवर नीट पोचलेले असते. खरे घोटाळे टप्प्याच्या पोटात, दोन परस्परावलंबी ब्लॉकांपैकी एक लिहून झाला आणि दुसरा राहिला, अशा क्षणी होतात. एक्सएफएसच्या टूलसंचात हे दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही पर्यावरण चलांमधून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, चालू होतात.

त्यावरून पुढचा प्रश्न येतो: पर्याय आज्ञेच्या ओळीवर द्यावा की एन्व्हायर्नमेंटमधून? हुक, म्हणजे लेखने मोजून वेळ आली की प्रोसेस मारणारा कोडचा तुकडा, सगळ्या टूलांनी वापरायच्या सामाईक लायब्ररीत असेल, तर एन्व्हायर्नमेंट सोयीचे पडते, कारण प्रत्येक टूलच्या पर्यायांच्या यादीला हात लावावा लागत नाही. एक्सएफएसच्या संचात लेखने मोजणारा हुक असाच लायब्ररीत आहे. एकट्या टूलसाठी मात्र मी आज्ञेच्या ओळीवरचा पर्यायच घालीन. एकदा चाचणीसाठी लावलेले असे एक चल माझ्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये राहून गेले, आणि काही दिवसांनी एका जुन्या डिस्कची दुरुस्ती दर वेळी त्याच जागी, एक अक्षरही न छापता थांबू लागली. डिस्कच शेवटच्या घटका मोजते आहे असे समजून मी अर्धा दिवस तिची केबल बदलण्यात घालवला. आज्ञेच्या ओळीवर लिहिलेले निदान डोळ्यांसमोर असते आणि प्रोसेसच्या यादीतही दिसते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टूलच्या जुन्या बायनरीला, म्हणजे चालवायच्या तयार प्रोग्रॅमला, अनोळखी पर्याय दिला तर ती वापरातील चूक म्हणून थांबते. ईटूएफएससीके अशा वेळी १६ हा कोड देते. अनोळखी एन्व्हायर्नमेंट चलाकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नाही, दुरुस्ती मुकाट्याने पूर्ण करते, आणि चाचणीने नीट पाहिले नाही तर न झालेल्या अपघाताची चाचणी उत्तीर्ण म्हणून नोंदली जाते.

पर्याय ओळखणे

एकाक्षरी पर्याय यासाठी खर्च करू नये. मोजकी अक्षरे असतात, आणि उद्या वापरणाऱ्यांसाठी खरोखर उपयोगी पर्याय आला की तेच अक्षर हवे असते. लांब नावाचा पर्याय घ्यावा, आणि आज्ञेच्या ओळीवरचे पर्याय वाचणाऱ्या गेटऑप्ट-लाँग या फंक्शनच्या तक्त्यात त्याला २५६ किंवा त्याहून मोठा परतीचा अंक द्यावा, म्हणजे तो कोणत्याही अक्षराशी टक्कर घेत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. गेटऑप्ट-लाँग लांब नावांचे संक्षेप स्वीकारते, जोवर ते संदिग्ध नाहीत. समजा, टूलमध्ये ‘--डिव्हाइस’ हा उघड पर्याय आधीपासून आहे आणि कोणीतरी आपल्या स्क्रिप्टमध्ये त्याची पहिली दोनच इंग्रजी अक्षरे, डी आणि ई, लिहून काम भागवत आहे. आपण ‘--डीबग-क्रॅश’ घातला की तीच दोन अक्षरे दोन्ही नावांना लागू पडतात, आणि काल चालणारी स्क्रिप्ट आज संदिग्ध पर्यायाची तक्रार करून थांबते. पर्याय मदतीत न दाखवल्याने तो छुपा होतो असे आपण समजत असतो, पण संक्षेपांच्या हिशेबात तो पूर्ण उघडाच असतो. उलट बाजूही तेवढीच वाईट: अर्धवट टंकलेल्या नावाने हा धोकादायक पर्याय चुकून लागू होऊ शकतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे नावाची सुरुवात अशा अक्षरांनी करायची की दुसरे कोणतेच नाव तिथून सुरू होत नाही. हा उपाय पुढचा पर्याय येईपर्यंतच टिकतो, आणि चुकून लागू होण्याचा धोका त्याने जात नाही. दुसरा, मला अधिक पटणारा, म्हणजे टूलमध्ये विस्तारित पर्यायांची सोय असेल तर तिच्या आत हा पर्याय घालायचा. ईटूएफएससीकेमध्ये मोठा ई आणि एक्सएफएस-रिपेअरमध्ये छोटा ओ ही अक्षरे त्यासाठीच आहेत. त्यांच्यापुढे स्वल्पविरामांनी जोडलेले उपपर्याय येतात. उपपर्याय वेगळे करणारे गेटसबऑप्ट हे फंक्शन पूर्ण नावच मागते, संक्षेप मानत नाही, त्यामुळे वरचा खड्डा उरतच नाही. तशी सोय नसेल, तर पर्याय ओळखल्यानंतर मूळ शब्द पुन्हा पाहून तो पूर्ण लिहिला आहे ना याची खात्री करणारी दोन ओळींची तपासणी घालावी.

पर्यायासोबतचा अंक वाचण्यासाठी सी भाषेतले एटॉय हे फंक्शन वापरू नये. त्याला ‘सतरा’ असा शब्द दिला तरी ते निमूटपणे ० परत करते, आणि आपल्याकडे ० ला खास अर्थ असणार आहे. स्ट्रटोयूएल घ्यावे, पण त्याचीही एक खोड आहे: ते बिनचिन्ही पूर्णांक वाचते आणि तरीही उणे चिन्ह स्वीकारते. ‘-१’ दिल्यास ६४-बिट लिनक्सवर त्यातून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मिळतात, चूक म्हणून काहीच कळत नाही, आणि टूल अर्थातच कधीही मरत नाही. म्हणून पहिले अक्षर अंकच आहे का, शेवटचा पॉइंटर शब्दाच्या अखेरीस पोचला का आणि चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या एर्नो या चलात मर्यादा ओलांडल्याची खूण आहे का, या तिन्ही गोष्टी तपासून मगच अंक मान्य करावा.

हुक बसवणे

मोजणी करणारा हुक शक्य तितका खाली, ब्लॉक प्रत्यक्षात कर्नलच्या स्वाधीन होतो तिथे, बसवावा. टूलची स्वतःची ब्लॉक कॅश असेल तर हुक तिच्या खाली हवा, कारण कॅशमध्ये लिहिलेला ब्लॉक डिस्कवर गेलेला नसतो आणि वर मोजलेला क्रम खाली पाळला जाईलच असे नाही. पाहावे तर काही टूलांत डिस्कवर लिहिण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात: नेहमीचे ब्लॉक एका फंक्शनमधून, सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) दुसऱ्यातून, शून्यांनी पुसण्याचे काम तिसऱ्यातून. यांतली एकही वाट सुटली तर मोजणी खोटी ठरते. सोर्समध्ये डिस्कवर लिहिणाऱ्या पी-राइट या हाकेचा आणि तिच्या भावंडांचा शोध घेऊन सगळ्या हाका एका छोट्या फंक्शनमधून वळवणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

मोजणीचा अर्थ सुरुवातीलाच पक्का करावा. माझी व्याख्या अशी: ‘न’ हा अंक दिला तर ‘न’ लेखने पूर्ण होतात आणि त्यानंतर पुढचे लेखन सुरू होण्याआधी प्रोसेस मरते. त्यामुळे ० म्हणजे पहिले लेखन होण्याआधीच मरण, आणि तेव्हा इमेज बाइटन्‌बाइट जशीच्या तशी राहायला हवी. ही चाचणी फुकटात मिळते आणि तिच्यातून एखादी सुटलेली वाट हमखास पकडली जाते. मोजणी कुठे ठेवायची यालाही महत्त्व आहे. जर्नलमधल्या, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांच्या वहीतल्या, नोंदी लागू केल्यानंतर ईटूएफएससीके तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अशा टूलमध्ये मोजणी दुरुस्तीच्या संदर्भ-रचनेत ठेवली तर ती मध्येच शून्यावर येण्याची भीती असते. लेखनाच्या थरातच, फाइलपुरत्या स्टॅटिक चलात, ती सुरक्षित असते. टूल अनेक थ्रेड वापरत असेल तर चल अ‍ॅटॉमिक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडने बदलता येणारे, करावे, पण तेवढ्याने क्रम ठरावीक होत नाही. म्हणून हा पर्याय दिल्यावर थ्रेडांची संख्या आपोआप १ व्हावी आणि ब्लॉक आगाऊ वाचून ठेवण्याची सोय बंद व्हावी.

मरण्यासाठी एक्झिट हाक मारू नये. ती बाहेर पडताना करायची नोंदवलेली कामे उरकते आणि बफर रिकामे करते, म्हणजे अपघाताऐवजी सभ्य निरोप होतो. अ‍ॅबॉर्टचा सिग्नल पकडता येतो आणि अनेक टूलांनी तो पकडलेलाही असतो. प्रोसेसने स्वतःला सिगकिल, म्हणजे तत्काळ मारणारा सिग्नल, पाठवावा. तो पकडता येत नाही, दुर्लक्षिताही येत नाही. शेलला अशा मरणाचा कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९, असा दिसतो, आणि हाच आकडा पुढे चाचणीची मुख्य खूण ठरतो. मरण्याआधी स्टँडर्ड एररवर ‘चाचणीसाठी थांबवले’ अशी एक ओळ थेट राइट हाकेने लिहावी, म्हणजे लॉग वाचणाऱ्याला हा अपघात खरा नव्हता हे कळते.

कड्या-कुलपे

पर्याय मदतीत दिसत नाही एवढ्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. सोर्स उघडा असतो, कोणीतरी तो वाचते, आणि अडचणीतल्या माणसाला ‘हे करून पाहा’ असा सल्ला देते. म्हणून पर्याय लागू होताच टूलने एफस्टॅट या हाकेने लक्ष्य तपासावे आणि ते ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारखे उपकरण, असेल तर काम नाकारावे. चाचण्यांना साधी इमेज फाइल पुरते. क्वचित डिव्हाइसच हवे असेल तर त्यासाठी दुसरा वेगळा छुपा पर्याय मागावा. नुसते वाचून तपासण्याच्या पर्यायासोबत हा दिला तर तेही वापरातील चूक मानावी, कारण तिथे लेखनच होत नाही आणि हुक कधीच सुटणार नाही. बूट होताना वापरायच्या स्वयंचलित पर्यायासोबत तो मुळीच चालू नये. आणि दुरुस्ती पूर्ण झाली पण दिलेला आकडा गाठलाच गेला नाही, तर टूलने तसे छापावे.

काही जण असा कोड फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये ठेवतात. मला ते पटत नाही. वापरणाऱ्याच्या हाती जी बायनरी जाते, तिचीच चाचणी व्हायला हवी. एका तुलनेचा खर्च डिस्कवरच्या लेखनापुढे नगण्य असतो.

चाचणीची फेरी

आता या पर्यायावर चाचणी उभी करू. आधी एक विरळ फाइल तयार करून तिच्यावर फाइलसिस्टिम घालावी. एक्सएफएससाठी ती किमान ३०० एमबीची घ्यावी, कारण नव्या आवृत्त्यांतील फॉरमॅटचे टूल त्याहून लहान आकार नाकारते. फाइल विरळ असल्याने प्रत्यक्ष जागा फारच थोडी लागते. मग ती बिघडवावी. एक्स्ट४साठी डीबगएफएस या टूलमधून आयनोडची (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीची) किंवा सुपरब्लॉकची हवी ती किंमत बदलता येते. एक्सएफएससाठी एक्सएफएस-डीबी तज्ज्ञ-रीतीत उघडून तेच करता येते. बिघाड निदान दोन ठिकाणी असावा, नाहीतर दुरुस्तीत मरायला पुरेशी लेखनेच होत नाहीत. ही बिघडलेली इमेज जपून ठेवावी आणि प्रत्येक फेरीला तिची ताजी प्रत घ्यावी.

त्यानंतर शून्यापासून एकेक आकडा वाढवत जावे. प्रत्येक आकड्याला टूल छुप्या पर्यायासह चालवावे आणि कोड १३७ आला याची खात्री करावी. आकडा गाठला नाही असे टूलने सांगितले की फेऱ्या संपल्या. दुसरा कोणताही कोड म्हणजे चाचणी अनुत्तीर्ण. मग त्याच प्रतीवर टूल पर्यायाविना पुन्हा चालवावे, आणि शेवटी केवळ वाचणारी तपासणी करून इमेज निर्दोष असल्याचे पाहावे.

यातल्या मधल्या पावलाकडे नीट लक्ष द्यावे, कारण चाचणी लिहिणारे बहुतेक जण तिथेच चुकतात. सवयीने तिथे सक्तीच्या तपासणीचा एकाक्षरी पर्याय जोडला जातो. असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा: टूलने शेवटाकडे सुपरब्लॉकमध्ये ‘फाइलसिस्टिम निर्दोष आहे’ अशी खूण लिहिली, आणि नंतर दुरुस्त केलेला ब्लॉक-बिटमॅप, म्हणजे कोणते ब्लॉक वापरात आहेत याचा नकाशा, लिहायला घेतला. हुक बरोबर या दोहोंच्या मध्ये सुटला. डिस्कवर आता निर्दोषपणाची खूण आहे आणि बिटमॅप मात्र जुनाच, चुकीचा आहे. दुसऱ्या वेळी सक्तीने तपासले तर टूल सगळे पाहते, बिटमॅप सुधारते आणि चाचणी हिरवी होते. पण वापरणाऱ्याचा संगणक बूट होताना सक्ती करत नाही. एक्स्ट४वर खूण निर्दोष दिसली की ईटूएफएससीके तपासणी न करताच पुढे जाते. फाइलसिस्टिम माउंट होते, वापरात असलेले ब्लॉक मोकळे समजून त्यांवर नव्या फाइली लिहिल्या जातात, आणि जुन्या फाइलींचा मजकूर जातो. म्हणून दुसरी फेरी वापरणारा जशी चालवील तशीच, सक्तीविना चालवावी, आणि सक्ती फक्त तिसऱ्या, केवळ वाचणाऱ्या फेरीत असावी. सगळ्या छुप्या पर्यायाचा खटाटोप ज्या दोषासाठी करायचा, तो एवढ्या एका अक्षराने झाकला जातो.

याच प्रकारच्या दोषावरचा उपाय म्हणून एक्सएफएसमध्ये ‘दुरुस्ती आवश्यक’ अशी खूण आली, आणि २०२१ मध्ये आलेल्या लिनक्स ५.११ पासून कर्नल ती ओळखतो. ती सुपरब्लॉकवर असेपर्यंत कर्नल फाइलसिस्टिम माउंट करायला नकार देतो. दुरुस्ती सुरू होताना ती आधी लावून डिस्कवर पक्की करायची आणि बाकी सगळे डिस्कवर पोचल्यावरच काढायची. आपल्या टूलमध्ये अशी खूण असेल तर चाचणीत एक पाऊल वाढवावे: पहिल्यापासून शेवटून दुसऱ्यापर्यंत कोणत्याही लेखनानंतर मरण आले तरी खूण लागलेलीच दिसली पाहिजे.

दुरुस्तीचा अंतिम परिणाम न अडखळलेल्या दुरुस्तीशी ताडून पाहायचा असेल, तर दोन इमेज बाइटनुसार पडताळू नयेत. वेळेच्या नोंदी वेगळ्या निघतात आणि जर्नलमधला अवशेषही वेगळा असतो. फाइलींची नावे, आकार आणि मजकुराचे चेकसम यांची यादी करून ती पडताळावी. वेळ स्थिर ठेवायची असेल तर ईटूएफएससीके ज्या संचात येते त्या ईटूएफएसप्रॉग्जमध्ये खोटी वेळ देण्याची सोय एन्व्हायर्नमेंट चलातून आहे, आणि आपल्या टूलमध्येही तशी घालणे फार अवघड नाही.

लेखने हजारांत असतील तर प्रत्येक आकड्यावर फेरी घेणे जड जाते. तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची काही डझन लेखने एकही न गाळता तपासावी व मधल्या भागात ठरावीक अंतराने उड्या घ्याव्या. खुणा सुरुवातीला लागतात आणि शेवटी निघतात, त्यामुळे दोष बहुधा दोन टोकांनाच दबा धरून असतात.

या पर्यायाची मर्यादाही चाचणीच्या फाइलमध्येच लिहून ठेवावी. सिगकिलने प्रोसेस मरते, कर्नल मरत नाही; कर्नलच्या पेज कॅशमध्ये पोचलेली लेखने पुढे डिस्कवर जातातच, आणि ती ज्या क्रमाने दिली त्या क्रमाने सर्वांना दिसतात. म्हणजे लेखने डिस्कवर पक्की करणारी मधली एफसिंक हाक टूल विसरले असेल, तर ही चाचणी ते दाखवू शकत नाही. त्यासाठी लिनक्स कर्नलमधल्या डिव्हाइस-मॅपरचे लेखने नोंदवणारे डीएम-लॉग-राइट्स हे लक्ष्य वापरावे लागते; त्याच्या नोंदी हव्या त्या टप्प्यापर्यंतच पुन्हा लागू करता येतात. थोडक्या श्रमात एक सुधारणा मात्र आपल्या हुकमध्येच होते: मरण्याआधी पुढच्या लेखनाचे पहिले ५१२ बाइटच लिहायचे आणि मग मरायचे. अर्धवट लिहिलेला ब्लॉक टूलला चेकसमवरून ओळखता येतो का, ते त्यातून कळते.

पर्यायाची नोंद मॅन्युअलच्या पानात आणि शेलच्या आपोआप-पूर्तीच्या यादीत करू नये, पण ती कुठेच नसणेही बरे नाही. सोर्समध्ये पर्यायांच्या तक्त्याजवळ चार ओळींची टिप्पणी असावी: हा पर्याय चाचणीसाठी आहे, याचे नाव किंवा अर्थ कोणत्याही आवृत्तीत बदलू शकतो, आणि तो कोणत्या चाचणीत वापरला जातो. चाचणीच्या सुरुवातीला बायनरी हा पर्याय ओळखते का ते ० हा आकडा देऊन पाहावे. १३७ आला तर पुढे जावे; वापरातील चुकीचा कोड आला तर चाचणी वगळली अशी नोंद करावी, नापास अशी नव्हे.